४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या नाही, हे कागद-पेन्सिलीने कसे दाखवावे?

पार्ल्याची_बाई

नमस्कार. विलेपार्ल्यात नववी-दहावीच्या मुलांसाठी आम्ही काही जण रविवारी सकाळी गणिताचा एक छोटा वर्ग चालवतो. त्याचा गुणांशी किंवा स्पर्धापरीक्षांशी संबंध नाही. एखादा प्रश्न घ्यायचा आणि तो सुटेपर्यंत त्याच्यापाशी बसायचे, एवढाच नेम आहे. पुढच्या वर्गासाठी मी एकच संख्या निवडली आहे : ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे २^३२ + १.

ज्यांना या संख्येची पूर्वपीठिका ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २ चे १, २, ४, ८ आणि १६ हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. फ्रान्समधील पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये पत्रांतून अशी अटकळ मांडली की घातांक असाच दुप्पट करत गेल्यास पुढेही प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळेल. त्या क्रमातली पुढची संख्या म्हणजे आपली ही दहा अंकी संख्या. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलर यांनी दाखवले की ती ६४१ × ६७,००,४१७ इतकी आहे, आणि अटकळ तिथेच कोसळली.

माझी अडचण अशी आहे की मुलांना ६४१ सांगून गुणाकार करून घेतला तर ती केवळ पडताळणी होते. मुले विचारणारच की ६४१ सुचला कसा. साध्या पद्धतीने जायचे तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते, आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. दहावीच्या मुलाला स्वतःच्या हाताने ६४१ पर्यंत नेणारी, मध्ये कुठेही जादू नसलेली वाट आहे का?

ठाणेकर_निवृत्त

शाळेत शिकवलेल्या कसोट्यांपासून सुरुवात करावी. एकक स्थानी ७ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. अकराच्या कसोटीसाठी उजवीकडून एकाआड एक अंक मिळवत व वजा करत गेल्यास −१७ येतात, म्हणून ११ही बाद. मुलांचा संख्येशी परिचय होण्यासाठी एवढे पुरेसे आहे, परंतु त्यापुढे या कसोट्या कामास येत नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगतो. ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे. म्हणजे ६,५४२ भागाकार करावे लागत नाहीत, ११६व्या भागाकाराला उत्तर हाती येते. हे कंटाळवाणे आहे, पण वर्गात वीस मुले असतील आणि काम वाटून घेतले तर एका सकाळी होण्यासारखे आहे.

गिरगावचा_वाचक

यासाठी एक अत्यंत देखणी सिद्धता आहे आणि तीत एकही मोठा भागाकार नाही. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते :

६४१ = ५ × २^७ + १
६४१ = ५^४ + २^४

पहिल्या ओळीवरून, ६४१ ने भागल्यावर ५ × २^७ ची बाकी ६४०, म्हणजेच −१ येते. दोन्ही बाजूंचा चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १ होते. दुसऱ्या ओळीवरून ५^४ ची बाकी −२^४ इतकीच आहे. ती जागच्या जागी घातली की −२^३२ ची बाकी १ येते, अर्थात २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. चार ओळींत काम झाले. मुलांना हे फळ्यावर दाखवावे, ती आयुष्यभर विसरणार नाहीत.

शीव_पूर्व

गिरगावकर, सिद्धता देखणी आहे यात शंका नाही, पण मूळ प्रश्नाचे उत्तर ती देत नाही, आणि मला ही बाब महत्त्वाची वाटते म्हणून स्पष्टपणे लिहितो. तुमच्या पहिल्याच ओळीत ६४१ हातात आहे. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे त्याने मागे वळून रचलेली ती सिद्धता आहे. दहावीच्या मुलापुढे हे प्रथम मांडले तर त्याच्या मनावर असे ठसते की गणित म्हणजे कुणा प्रतिभावंताला सुचलेल्या युक्त्यांचा संग्रह, आणि आपल्याला तसे सुचत नाही म्हणून आपण त्यात बसत नाही. मी अशी मुले पाहिली आहेत. ती हुशार असतात, आणि एखादी ओळ आकाशातून पडल्यासारखी फळ्यावर आली की गप्प होतात. बाईंनी ‘मध्ये कुठेही जादू नसलेली’ असे लिहिले आहे, ते फार योग्य आहे.

गिरगावचा_वाचक

सौंदर्यही शिकवावे लागते, असे माझे मत आहे. पण आधी शोध आणि मग सौंदर्य, असा क्रम लावला तर माझी हरकत नाही.

मानखुर्दची_ओढ

मला वाटते, ती वाट ऑयलर यांनीच दाखवून ठेवली आहे. १७३२ च्या टिपणात त्यांनी अवयव तेवढे दिले होते, मागचे कारण नंतरच्या एका लेखात सिद्ध केले. ते कारण दहावीला पेलवेल अशा भाषेत मांडण्याचा प्रयत्न करते.

एखादी विषम मूळ संख्या घ्या आणि २, ४, ८, १६, ३२ अशा घातांना तिने भागल्यावर येणाऱ्या बाक्या ओळीने लिहा. ७ साठी त्या २, ४, १, २, ४, १ अशा येतात, म्हणजे तीन पावलांनी चक्र पूर्ण होते. ३१ साठी २, ४, ८, १६, १ असे पाच पावलांचे चक्र आहे. १७ साठी २, ४, ८, १६, १५, १३, ९, १ असे आठ पावलांचे. आता मुलांना विचारा : ३ आणि ७, ५ आणि ३१, ८ आणि १७ यांत काय नाते दिसते? एखादे मूल थोड्या वेळात सांगेल की चक्राची लांबी मूळ संख्येपेक्षा एकाने लहान असलेल्या संख्येला भागते : ३ ने ६ ला, ५ ने ३० ला, ८ ने १६ ला. हे नेहमीच घडते, आणि यामागे जे प्रमेय आहे त्याला फर्माचे छोटे प्रमेय म्हणतात. त्याची सिद्धता त्या दिवशी द्यायलाच हवी असे नाही, पण मुलांनी आणखी काही मूळ संख्यांवर ते स्वतः तपासावे.

आता आपल्या संख्येकडे येऊ. समजा, एखाद्या मूळ संख्येने २^३२ + १ ला भाग जातो. मग तिने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ असणार. तिचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १ होते. याचा अर्थ ६४ पावलांनी चक्र परत सुरुवातीला येते, म्हणून चक्राची लांबी ६४ ची विभाजक आहे. ती ३२ किंवा त्याहून लहान असती तर २^३२ ची बाकी १ आली असती, पण ती −१ आहे. तेव्हा चक्र बरोबर ६४ पावलांचे आहे आणि म्हणून मूळ संख्या वजा १ ला ६४ ने भाग जातो.

म्हणजे भाजक शोधायचा तो फक्त ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ अशा ओळीत. यांतल्या मूळ संख्या तेवढ्या ठेवल्या की १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ उरतात. ठाणेकरांचे ११६ भागाकार पाचावर आले.

चौथी_सीट

वा! हे वाचून लोकलमध्ये पेन्सिल काढली. दहा अंकी संख्येला भागण्याचीही गरज नाही, असे लक्षात आले. २^१६ म्हणजे ६५,५३६. त्याची बाकी काढायची, तिचा वर्ग करायचा, पुन्हा बाकी काढायची आणि १ मिळवायचा. सगळे आकडे सहा अंकांच्या आत राहतात.

१९३ : ६५,५३६ ची बाकी १०९, वर्ग ११,८८१, त्याची बाकी १०८. अधिक १ म्हणजे १०९. भाग जात नाही.
२५७ : २^८ ची बाकीच −१ आहे, म्हणून २^३२ ची बाकी १. अधिक १ म्हणजे २. भाग जात नाही.
४४९ : ६५,५३६ ची बाकी ४३१, म्हणजेच −१८. वर्ग ३२४. अधिक १ म्हणजे ३२५. भाग जात नाही.
५७७ : बाकी ३३५, वर्ग १,१२,२२५, त्याची बाकी २८७. अधिक १ म्हणजे २८८. भाग जात नाही.
६४१ : बाकी १५४, वर्ग २३,७१६. यातून ६४१ × ३६ = २३,०७६ वजा केले की ६४० उरतात. अधिक १ म्हणजे ६४१.

ठाण्याहून निघालेली गाडी दादरला पोहोचण्यापूर्वी हे झाले, आणि शेवटच्या ओळीत ६४० दिसल्यावर जो आनंद झाला तो मुलांना नक्की मिळू द्या.

शीव_पूर्व

हेच हवे होते. चौथी_सीट यांच्या पाच ओळींत मुलांना पुढचा आकडा काय येईल याची उत्सुकता राहील, कारण चार वेळा नकार आल्यानंतर पाचव्या वेळी होकार येतो.

माटुंग्याचे_आजोबा

धागा वाचून मन प्रसन्न झाले. एका ऐतिहासिक गोष्टीकडे लक्ष वेधतो. मानखुर्द ताईंनी वापरलेले छोटे प्रमेय आणि ही फसलेली अटकळ, दोन्ही फर्मा यांच्या पत्रव्यवहारात १६४० या एकाच वर्षी आढळतात. इतकेच नव्हे, तर त्याच वर्षी त्यांनी २^३७ − १ या बारा अंकी संख्येचा २२३ हा विभाजक शोधला होता, आणि तोही भाजक कोणत्या रूपाचा असू शकतो याचा विचार करूनच. अर्थात ६४१ पर्यंत जाण्याचे साधन त्यांच्या हातात पूर्णपणे होते. असे असूनही त्यांनी ही अटकळ पुनःपुन्हा मांडली, मात्र आपल्यापाशी तिची पूर्ण सिद्धता नाही हेही लिहिले. १७२९ मध्ये गोल्डबाख यांनी पत्रातून ऑयलर यांचे लक्ष तिकडे वळवले आणि पुढचे आपल्यापुढे आहे.

मुलांना हेही सांगावे की सलग पाच उदाहरणे जुळली म्हणजे विधान सिद्ध झाले असे होत नाही. आजपर्यंत या क्रमात सहावी मूळ संख्या कुणालाही सापडलेली नाही.

बेलापूर_३२बिट

आमच्या संगणकाच्या व्यवसायात ४,२९,४९,६७,२९६ हा आकडा रोजचा आहे. ३२ बिटांमध्ये इतकी वेगवेगळी मूल्ये मावतात. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्याही तेवढीच. तिच्या शेजारच्या संख्येला एवढा इतिहास असेल याची कल्पना नव्हती.

एक प्रश्न. भाजक न शोधताच एखादी संख्या मूळ नाही हे सांगता येते, असे ऐकले आहे. छोट्या प्रमेयानुसार, मूळ संख्येने भागल्यावर २ च्या (मूळ संख्या वजा १) व्या घाताची बाकी १ यायला हवी. ही कसोटी आपल्या संख्येला लावली तर काम होणार नाही का?

मानखुर्दची_ओढ

बेलापूरकर, विचार योग्य आहे, पण २ हा पाया इथे फसवतो. २^६४ ची बाकी १ आहे हे वर आलेच आहे. आपल्या संख्येतून १ वजा केला की २^३२ उरतात आणि त्याला ६४ ने भाग जातो. म्हणून २ चा तो प्रचंड घात घेतला तरी बाकी १ च येते. संख्या मूळ नसूनही २ च्या कसोटीला ती उतरते! या क्रमातल्या सगळ्याच संख्यांचे असे होते. फर्मा यांना विश्वास वाटण्यामागे हे एक कारण असावे, असा तर्क काही जण करतात.

पाया ३ घेतला की मात्र चित्र बदलते. पेपँ या फ्रेंच गणितज्ञाने १८७७ मध्ये दाखवले की या क्रमातली ३ नंतरची संख्या मूळ असेल, तर ३ चा (संख्या वजा १ भागिले २) हा घात घेतल्यावर बाकी −१ आलीच पाहिजे, आणि तशी आली तर संख्या मूळच असते. आपल्या संख्येसाठी ३ चा ३१ वेळा क्रमाने वर्ग करत जायचे आणि दर वेळी बाकी घ्यायची.

बेलापूर_३२बिट

आताच चालवून पाहिले. ३१ वर्गांनंतर १,०३,२४,३०३ बाकी आली, −१ नव्हे. ६४१ चे नावही न घेता संख्या संयुक्त ठरली. हे मला भाजक सापडण्याहून अधिक विलक्षण वाटते.

प्रभादेवी_अ

मुलांच्या वर्गाचा विषय निघालाच आहे तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे स्मरण व्हावे. १९०५ साली डहाणूत जन्म, देवळालीला शाळाशिक्षक, आणि आयुष्यभर संख्यांचा छंद. चार अंकांच्या ६१७४ या त्यांच्या संख्येचा खेळ (चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहायचे, शेवटी ६१७४ येते) मुलांना लगेच आवडतो. मोठ्या संख्येकडे जाण्यापूर्वी तो घ्यावा का?

ठाणेकर_निवृत्त

कापरेकरांविषयी पूर्ण आदर राखून असे सुचवतो की तो विषय स्वतंत्र रविवारसाठी ठेवावा. ६१७४ चा गुणधर्म आपण संख्या दशमान पद्धतीत लिहितो यावर अवलंबून आहे, तर ६४१ ने भाग जाणे कोणत्याही पद्धतीत लिहिले तरी बदलत नाही. दोन्ही एका बैठकीत घेतले तर मुलांच्या मनात हा भेद धूसर होईल.

मुलुंडची_आई

माझी मुलगी मनगणिताच्या वर्गाला जाते, म्हणून एक प्रसंग लिहिते. झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकन मुलगा १८०४ साली जन्मला आणि लहानपणीच तोंडी हिशोबासाठी त्याची ख्याती झाली. लंडनमध्ये त्याला हीच ४,२९,४९,६७,२९७ विचारली गेली आणि त्याने मनातल्या मनात ६४१ हा विभाजक सांगितला. माझ्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिने विचारले, ‘त्याने सगळ्यांनी भागून पाहिले का?’ आता चौथी_सीट यांच्या पाच ओळी मी तिला दाखवणार आहे. पाचच संख्या तपासायच्या म्हटल्यावर तीही करू शकेल.

अपूर्णांक_लालबाग

आतापर्यंत सगळे भाजकांच्या ओळीतून गेले. एक संपूर्ण वेगळी वाट आहे, तिची सुरुवात आपल्याकडची आहे, आणि दहावीच्या बीजगणितात ती बसते.

आपली संख्या उघडच दोन वर्गांची बेरीज आहे : ६५,५३६² + १². ऑयलर यांनी दाखवले की एखादी विषम संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता आली तर ती मूळ असूच शकत नाही. आता हे पाहा :

६२,२६४² = ३,८७,६८,०५,६९६
२०,४४९² = ४१,८१,६१,६०१
बेरीज = ४,२९,४९,६७,२९७

दुसरी जोडी मिळाली, म्हणजे संख्या संयुक्त आहे हे ठरलेच. पण यातून भाजकही बाहेर काढता येतो. मोठ्या वर्गमुळांची वजाबाकी ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२. लहानांची २०,४४९ − १ = २०,४४८. दोहोंचा मसावि ८ आहे. ८ ने भागले की ४०९ आणि २,५५६ मिळतात. यांच्या वर्गांची बेरीज करा : १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७. ऑयलर यांचा मोठा अवयव हाती आला.

हे का घडते? दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणले की पुन्हा दोन वर्गांची बेरीजच मिळते, आणि तीही साधारणपणे दोन प्रकारे. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली ब्रह्मस्फुटसिद्धान्तात दिलेल्या ‘भावना’ नावाच्या गुणाकाराच्या नियमाचे हे एक रूप आहे. ६४१ = २५² + ४² आणि ६७,००,४१७ = २,५५६² + ४०९². गुणाकार एका रीतीने केला तर २५ × २,५५६ + ४ × ४०९ = ६५,५३६ आणि २५ × ४०९ − ४ × २,५५६ = १. दुसऱ्या रीतीने केला तर ६२,२६४ आणि २०,४४९. त्या ‘१’ कडे जरा थांबून पाहा. १०,२२५ वजा १०,२२४! दोन मोठे गुणाकार इतके जवळ येतात म्हणूनच ही संख्या पूर्ण वर्गापेक्षा केवळ एकाने मोठी आहे.

शीव_पूर्व

अपूर्णांक, हे अप्रतिम आहे, पण तोच प्रश्न पुन्हा विचारतो : ६२,२६४ कुठून आणले?

अपूर्णांक_लालबाग

प्रश्न रास्त आहे. अवयव ठाऊक नसताना ही जोडी शोधायची तर वर्गांची लांबलचक तपासणी करावी लागते, आणि ती पाच भागाकारांहून खूप मोठी आहे. म्हणून शोधाची वाट म्हणून नव्हे, तर ६४१ मिळाल्यानंतर मुलांनी स्वतः दोन्ही अवयव वर्गांच्या बेरजेत लिहून ही दुसरी जोडी तयार करावी, असे सुचवतो. भावना त्यांच्या हातून वापरली जाईल.

गिरगावचा_वाचक

आणि त्याच टप्प्यावर माझ्या चार ओळीही बसतील. २५² + ४² म्हणजेच ५^४ + २^४, हे आता त्यांना आपोआप दिसेल.

माटुंग्याचे_आजोबा

भूमितीशी असलेले नातेही वर्गात यावे. पट्टी आणि कंपासने सुसम सप्तदशभुज काढता येतो, हे गाउस यांनी १७९६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दाखवले. भुजांची संख्या विषम असेल तर सुसम बहुभुज काढता येण्यासाठी ती या क्रमातल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. अट पुरेशी आहे हे गाउस यांचे, आणि ती आवश्यकही आहे याची सिद्धता व्हांत्झेल यांनी १८३७ मध्ये दिली. ज्ञात पाच मूळ संख्यांपासून असे ३१ गुणाकार होतात. त्यांतला सर्वांत मोठा ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. आपल्या संख्येपेक्षा तो दोनने लहान! इतक्या भुजांचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो, आणि आणखी दोन भुजा वाढवल्या की काढता येत नाही, कारण ६४१ त्या क्रमात नाही.

मानखुर्दची_ओढ

आजोबा, तुमच्या या गुणाकारातून एक मोठी सोय होते. ४,२९,४९,६७,२९५ मध्ये आधीच्या पाचही संख्या अवयव आहेत आणि आपली संख्या तिच्याहून दोनने मोठी आहे. म्हणून त्या पाचांपैकी कुणीही आपल्या संख्येला भागले तर २ बाकी राहणार. चौथी_सीट यांना २५७ साठी २ आले ते याच कारणाने. तेव्हा यादीतून २५७ न तपासताच काढता येते.

आणखी एक. लुका यांनी १८७८ मध्ये ऑयलर यांचा निकाल सुधारला : भाजक ६४ च्या नव्हे, १२८ च्या पटीहून एकाने मोठा असतो. कारण थोडक्यात असे. म = २^८ × (२^१६ − १) घ्या. म² = २^१६ × (२^३२ − २^१७ + १). कंसातल्या २^३२ + १ ला आपल्या मूळ संख्येने भाग जातो, म्हणून म² ची बाकी −२^३३ एवढी, आणि २^३२ ची बाकी −१ असल्याने तीच २ होते. म्हणजे म चा वर्ग २ सारखा वागतो, त्यामुळे म च्या घातांचे चक्र २ च्या चक्राच्या दुप्पट, १२८ पावलांचे होते.

आता यादी पाहा : १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ संख्या दोनच, आणि २५७ आधीच बाद झाली आहे. तपासायला उरलेली पहिलीच संख्या ६४१ आहे.

चौथी_सीट

पहिलीच! म्हणजे गाडी मुलुंडलाही पोहोचली नसती.

पार्ल्याची_बाई

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. वर्गात प्रथम बाक्यांची चक्रे, मग ६४ ची अट, मग पाच संख्यांची तपासणी मुलांच्या हातून, हा क्रम ठेवीन. लुका यांची सुधारणा फळ्यावर न सोडवता तिचे विधान तेवढे सांगेन, कारण ‘म’ ची निवड पुन्हा आकाशातून पडल्यासारखी वाटेल आणि शीव_पूर्व यांचा आक्षेप तिलाही लागू पडेल. गिरगावकरांची सिद्धता आणि ब्रह्मगुप्तांची भावना नंतरच्या रविवारी.

या क्रमातल्या पुढच्या संख्येपर्यंत, म्हणजे २^६४ + १ पर्यंत, मी जाणार नाही. तिचा लहान अवयव २,७४,१७७ म्हणजे २५६ × १,०७१ + १ आहे, त्यामुळे हाताने शोधताना यादी फार लांबते. १८८० मध्ये लांद्री यांनी ८२व्या वर्षी ती फोडली, एवढे मात्र मुलांना सांगेन.

एकच गोष्ट उरली. ६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे हे मुलांनी केवळ माझ्या शब्दावर मानावे असे मला वाटत नाही. तेही हाताने होईल का?

मानखुर्दची_ओढ

होईल, आणि तीच अट पुन्हा उपयोगी पडेल. ६७,००,४१७ चा कोणताही मूळ विभाजक हा २^३२ + १ चाही विभाजक असणार, म्हणून तोही १२८ च्या पटीहून एकाने मोठा. तिचे वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ यांच्या मध्ये आहे. तिथपर्यंत त्या रूपाच्या मूळ संख्या पाचच : २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. यांतली २५७ वर सांगितलेल्या कारणाने बाद. ६४१ मात्र पुन्हा तपासायला हवी, कारण तोच अवयव दोनदा येऊ शकतो.

चौथी_सीट

६४१ ने भागल्यावर बाकी ४४.
७६९ ने १२०.
१,१५३ ने ३३४.
१,४०९ ने ६२२.

कुठेही शून्य नाही. ६७,००,४१७ मूळ आहे.